लॉग पेपरवर न मावणारं शून्य

शून्य या उत्तरापायी शैलजाने जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी सुरतेत दुसऱ्या कुणी खाल्ली नसतील. सासूबाई सरस्वतीबाई अमळनेरकडच्या. गुजरातेत अर्धं आयुष्य काढूनही घरात अहिराणीच बोलायच्या. सून संध्याकाळी कॉलेजातून येते, कुकर लावते आणि कागदांचा ढीग पुढ्यात ओढून बसते, हे त्या वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. एकदा त्यांनी विचारलंच, की एवढ्या हिशोबाचं शेवटी उत्तर काय आलं? शैलजाने उत्साहाने सांगितलं, "शून्य आलं, आई!" सरस्वतीबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "शून्यच उनं? मंग इतला वरीस काय करं व माय तू?"

सासूबाईंचं एक वेळ सोडून देऊ. नवरा अरविंद बँकेत अधिकारी, शिकलासवरलेला माणूस, तो म्हणायचा, "आमच्याकडे खात्यात शून्य निघालं की माणूस काउंटरवर येऊन भांडतो. तू पेढे काय वाटतेस?" कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तर तिचं नावच 'झिरो मॅडम' पडलं होतं. तोंडावर म्हणायची हिंमत कुणाची नव्हती, कारण शैलजा चिडली की आधी तिचे कान लाल होत आणि मग ती समोरचा प्राचार्य आहे की शिपाई हे बघत नसे. पण पाठीमागे चालायचं, आणि ते तिला ऐकू यायचं.

ती मूळची धुळ्याची. पुण्याला एम.एस्सी. झाली, विद्यापीठात दुसरी आली, आणि पुढे संशोधन करायचं ठरत असतानाच लग्न ठरलं. सुरतेत येऊन पदार्थविज्ञानाची व्याख्याती झाली. कॉलेजात तिच्या वाट्याला प्रकाशाची आणि विजेची प्रॅक्टिकलं आली, लेन्स पुसता पुसता दहा वर्षं गेली. तरी मूलकणांचं वेड काही सुटलं नाही. शेवटी पस्तिशी ओलांडल्यावर तिने पीएच.डी.ला नाव घातलं.

विषय तिने स्वतः निवडला होता, आणि तो सांगताना तिचा आवाज बदलायचा. विजेचा भार असलेले कण एकमेकांवर आदळले की त्यातून प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, उडतो. क्वार्क नावाचा एक मूलकण आणि एक प्रतिक्वार्क आदळून एक जड कण आणि एक फोटॉन बाहेर पडतो, असं धरा. हा फोटॉन तिघांपैकी कुणाकडूनही आलेला असू शकतो: क्वार्ककडून, प्रतिक्वार्ककडून, नाहीतर त्या जड कणाकडून. तिन्ही वाटा वेगवेगळ्या मांडायच्या, मग त्यांची बेरीज करायची. त्या बेरजेला म्हणतात आयाम. आणि गंमत अशी, की एका ठराविक कोनात ही बेरीज नेमकी शून्य होते. त्या दिशेला एकही फोटॉन जात नाही. पण हे कधी घडतं? त्या जड कणाचं चुंबकत्व गेज सिद्धांत, म्हणजे कणांमधल्या बलांचा सिद्धांत, सांगतो तंतोतंत तेवढं असेल, तरच. जरा कमी-जास्त झालं की ते शून्य बुजून जातं. म्हणजे तो रिकामा कोन हीच त्या सिद्धांताची परीक्षा. नेहमीच्या कणांबाबत हे जगात लोकांनी आधीच दाखवलेलं होतं. एका मोठ्या गेज सिद्धांतात येणाऱ्या, अजून कुणी न पाहिलेल्या जड कणासाठीही ते शून्य टिकतं, एवढं शैलजाने स्वतः सिद्ध केलं होतं. एवढंच तिचं काम, आणि ते पूर्णपणे तिचं होतं.

"तिथं कुणी काही करत नाही म्हणून शून्य नाही येत," ती अरविंदला सांगायची. "तिघंही पुरा जोर लावतात, तेव्हा कुठं ते येतं." घरात रोज काही बिनसत नाही, वेळेवर जेवण होतं, आईंची औषधं चुकत नाहीत, तेही आपोआप होत नाही, हे मात्र ती बोलायची नाही. चिडून भांडी जरा जोरात आपटायची, तेवढंच.

तिचे मार्गदर्शक डॉ. शालिग्राम. त्यांनी तरुणपणी स्फटिकांवर क्ष-किरण टाकून डॉक्टरेट मिळवली होती, आणि नंतर कशावर काही टाकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. गेज सिद्धांत त्यांचा विषयच नव्हे. पण त्या भागात सैद्धांतिक कामाला मान्यता असलेला दुसरा मार्गदर्शक मिळेना, म्हणून शैलजा त्यांच्या पदरी पडली. शालिग्राम सर नेहमी गोड बोलायचे. तिने पहिल्यांदा उत्तर दाखवलं, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, शून्य आलंय म्हणजे कुठंतरी चुकलंय. निसर्ग इतका नीटनेटका नसतो. पुन्हा करा."

तिने पुन्हा केलं. पुन्हा शून्य. सर पुन्हा म्हणाले, चूक शोधा. यात वर्षं गेली. एकदा संतापून तिने मुद्दाम तिसरी वाट गाळून टाकली, जड कणाची, आणि उत्तर त्यांच्यापुढे ठेवलं. सर खूष! "बघा, आता कसं भरदार उत्तर आलं!" ती म्हणाली, "सर, हे चूक आहे. मी एक वाट वगळलीय. असं केलं तर विजेच्या भाराचे मूळ नियमच मोडतात." सर हसले आणि म्हणाले, "पण उत्तर चांगलं आलं ना?" त्या दिवशी कॉलेजपासून उधन्यापर्यंत ती चालत घरी आली. रिक्षात बसली असती तर रिक्षावाल्याशी भांडली असती.

अखेर सरांनी प्रबंध सादर करायला परवानगी दिली, ती पटलं म्हणून नव्हे. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि त्यांच्या हाताखाली एक तरी विद्यार्थी पार पडायला हवा होता.

आता प्रश्न आलेखांचा. कॉलेजच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर वक्ररेषा काढायचा ती मुंग्यांची रांग दिसायची. प्रबंधात आलेख काळ्या शाईने ट्रेसिंग कागदावर हाताने काढून घ्यायचे, अशी रीत होती. सुरतेतल्याच गोडादऱ्यात योगराज नावाचा नक्षी काढणारा होता. खानदेशातून आलेला, बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, हा मात्र हाताचा कसबी म्हणून साड्यांच्या किनारी काढायच्या कामाला लागलेला. जेकार्ड लूमवर जी किनार विणायची, ती आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकट भरून काढावी लागते. योगराजच्या मोरांना आणि कोयऱ्यांना बाजारात नाव होतं. शैलजाला कुणीतरी त्याचं नाव सुचवलं. पहिलाच आलेख त्याने असा काढून दिला, की ती बघतच राहिली.

मुख्य आलेखापाशी एक अडचण होती. कोणत्या कोनात किती फोटॉन जातात हे दाखवणारा तो आलेख लॉग पेपरवर होता. या कागदावर खाली उतरावं तसं आकडा दहापट लहान होत जातो: एक, एक दशांश, एक शतांश. कितीही खाली गेलं तरी शून्य काही सापडत नाही. त्यामुळे तिची वक्ररेषा त्या ठराविक कोनापाशी सरळ खाली बुडी मारायची, कागदाच्या तळातून बाहेर जायची आणि पलीकडून पुन्हा वर यायची. मधे मोकळी फट राहायची. ती फट म्हणजेच तिचा शोध. तिने पेन्सिलीने तसंच काढून योगराजला दिलं. ट्रेसिंग झालं की ते आधी सरांच्या घरी द्यायचं, त्यांनी मंजूर केलं की छपाईला आणि बांधणीला जायचं, असा सरांचाच नियम होता. नेमक्या त्याच आठवड्यात सरस्वतीबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि शैलजा इस्पितळात अडकली. योगराजने कागद परस्पर सरांकडे पोचवले.

बांधलेल्या प्रती सरांकडूनच परस्पर विद्यापीठात गेल्या, परीक्षकाकडे रवाना झाल्या, आणि मग एक प्रत शैलजाच्या हाती आली. काळा रेक्झिन, सोनेरी अक्षरं. अरविंदने ती सरस्वतीबाईंच्या हातात दिली, त्यांनी कपाळाला लावली. शैलजाने मुख्य आलेख उघडला आणि तिचे कान लाल झाले.

फट नव्हती. वक्ररेषा डावीकडून खाली आली होती, तळाच्या जरा वर अलगद वळली होती आणि उजवीकडे चढली होती. सुंदर, गोलाईदार, अखंड दरी. शून्य बुजवलेली! पानभर मजकूर ओरडून सांगत होता की इथे शून्य आहे, आणि शेजारची आकृती सांगत होती की नाही. नुसतं नाही, तर हा कण गेज सिद्धांत पाळतच नाही, म्हणजे बाईंचा सगळा प्रबंध खोटा, असं ती आकृती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी ती गोडादऱ्यात पोचली ती भांडायच्या तयारीनेच. आजूबाजूच्या लूमच्या खडखडाटात तिला ओरडून बोलावं लागलं, आणि ओरडायचं तर तिला होतंच. "योगराज, हे काय केलंत? मी मोकळं सोडलं होतं, ते का भरलंत?"

योगराज गोंधळला. हातातला ब्रश त्याने पाण्यात बुडवला. "बाई, आमच्यात एक चौकट पण खाली राहिली ना, तर दोरा सुटा राहतो. साडीला भोक पडतं. व्यापारी सगळा माल परत फेकतो. मी बघितलं तुमची लाइन तुटेली आहे. मला वाटलं, तुम्ही भूललात."

"मग भरून टाकलीत? मला न विचारता?"

"नाय ना बाई. तुम्ही दवाखान्यात होत्या, तर मी सरांना पुछलं. सर, ही जागा खाली आहे, बाईंना पुछू का? ते बोलले, त्यांना कशाला त्रास देतोस, भरून टाक, बरं दिसतं. मी त्यांच्याच ओट्यावर बसून भरलं. त्यांनी चहा पण पाजला."

शैलजा ज्याच्यावर ओरडायला आली होती त्याने विचारलं होतं. इतक्या वर्षांत त्या शून्याबद्दल कुणी नीट चौकशी केली असेल तर ती या माणसाने, आणि चुकीच्या दारात.

तिथून ती तडक सरांच्या घरी गेली. सर ओट्यावर झोपाळ्यावर बसले होते. नाकबूल करायची तसदीही त्यांनी घेतली नाही. "अहो बाई, तुटकी रेघ बघून परीक्षकाला वाटलं असतं, यांचा कागद संपला की काय! मी तुमची अब्रू राखली."

"सर, तो माझा निष्कर्ष होता."

"असेल. आता प्रती गेल्या. आणि परीक्षकाला परस्पर काही कळवायचं नाही हा नियम तुम्हाला माहीत आहे. तोंडी परीक्षेत त्यांनी विचारलंच, तर सरळ सांगा, चित्रकाराने चूक केली. साडीवाला माणूस, त्याला काय कळतंय? कुणाचं काही बिघडत नाही."

"त्यानं तुम्हाला विचारलं होतं."

सरांनी झोपाळ्याला पायाने हलकेच झोका दिला. "ते तुम्हाला आणि मला माहीत आहे, बाई. परीक्षकाला नाही."

तोंडी परीक्षा हिवाळ्यात ठरली. मद्रासहून एक म्हातारे परीक्षक येणार होते. परीक्षा झाली की परीक्षकाचं आणि मार्गदर्शकाचं जेवण उमेदवाराच्या घरी, ही आणखी एक रीत. सरस्वतीबाईंनी डोळ्याला काळा चष्मा लावून खापर काढलं आणि मांडे करायला घेतले. सून डॉक्टर होणार म्हणून त्यांनी शेजारणीही मदतीला बोलावल्या होत्या. अरविंदने दाराला लावायच्या नावाच्या पाटीचं माप काढून ठेवलं होतं. निघताना तो म्हणाला, "हे बघ, सर सांगतात तसं बोल. दोन वाक्यांचं काम. त्या योगराजला कुठं कळणार आहे?"

"मला कळणार आहे," शैलजा म्हणाली आणि चपला घातल्या.

परीक्षक किडकिडीत, मवाळ बोलणारे, बरीच वर्षं पुण्यात काढल्यामुळे मराठी येणारे. त्यांनी प्रबंध ओळ न् ओळ वाचला होता, हे पहिल्या प्रश्नातच दिसलं. शैलजाला इतकं बरं वाटलं, की घटकाभर ती राग विसरली. मग त्यांनी मुख्य आलेख उघडला, बोट ठेवलं. "बाई, तुमची समीकरणं मला पटली. पण ही आकृती त्यांच्या विरुद्ध बोलते. इथे शून्य कुठे आहे? दोन्हींतलं खरं कोणतं?"

शैलजाने तोंड उघडायच्या आत शालिग्राम सर पुढे झुकले. "अहो, तो चित्रकार अडाणी. साड्यांवर मोर काढणारा. त्यानं फट दिसली ती भरून टाकली. बाई, सांगा ना."

खोलीत विभागातले सगळे बसले होते. सगळ्यांनी समजून हसून घेतलं. प्रश्न मिटला होता. तिने नुसती मान हलवली असती की पुरे होतं. शैलजाने खोलीभर नजर फिरवली. पेन्सिली तासायला शिपाई खिडकीत अर्धं ब्लेड ठेवायचा. ती उठली, ब्लेड घेतलं, परीक्षकांसमोरची प्रत आपल्याकडे फिरवली आणि त्या गोल दरीचा तळ खरवडायला लागली.

"बाई!" सर ओरडले. "अहो, बांधलेली प्रत आहे ती!"

ती थांबली नाही. काळी शाई पापुद्रे होऊन निघत होती. हात रागाने इतका जड झाला होता की ब्लेड कागदातून आरपार गेलं, आणि शून्य होतं तिथे भोक पडलं. मग तिने ब्लेड खाली ठेवलं. "खरं हे आहे, साहेब. मी असंच काढून दिलं होतं. चित्रकाराने चूक केलेली नाही. त्याने जागा मोकळी बघून विचारलं होतं, शालिग्राम सरांना. सरांनी भरायला लावली. सरांना शून्य आवडत नाही. सात वर्षं आवडलेलं नाही. मला यात काय गमवावं लागेल ते मला माहीत आहे. पण माझ्या चुकीच्या आकृतीचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फोडणार नाही."

परीक्षकांनी त्या भोकाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "प्रबंध बाजूला ठेवा," ते शांतपणे म्हणाले. "फळ्यावर या. ते शून्य का येतं ते दाखवा."

तिने दाखवलं. तिन्ही वाटा काढल्या, चुंबकत्व घातलं, बेरीज केली. त्या कोनापाशी तिन्ही पदं एकमेकांना खोडत गेली आणि फळ्यावर काहीच उरलं नाही. परीक्षक म्हणाले, "मला आणखी काही विचारायचं नाही." त्यांनी अहवालात लिहिलं: प्रबंध स्वीकारावा, आकृती दुरुस्त करून मार्गदर्शकाच्या सहीने नवी प्रत जोडावी. मग ते घरी आले, सरस्वतीबाईंचे मांडे दोनदा मागून घेतले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. शालिग्राम सर जेवायला आले नाहीत. त्यांना बीपीचा त्रास झाला म्हणे.

मार्गदर्शकाच्या सहीने. या दोन शब्दांत सगळं अडकलं. योगराजने दुरुस्त आलेख लगेच काढून दिला, फट सोडून. शैलजा तो घेऊन सरांकडे गेली. सरांनी गोड आवाजात अट घातली: आधी लेखी द्या, की परीक्षेत केलेला आरोप खोटा होता, चूक चित्रकाराची होती आणि रागाच्या भरात बोलून गेले. मग सही. ती परत आली. पुन्हा गेली, पुन्हा तीच अट. विद्यापीठातला कारकून म्हणायचा, "बेन, साहेबनी सही लावो, पछी वात." म्हणजे आधी सही आणा, मग बोलू. सर निवृत्त झाले, तरी सहीचा हक्क त्यांच्याकडेच राहिला. अरविंद समजावून थकला. स्टाफरूममध्ये म्हणू लागले, एवढं काय त्या अहंकाराचं! एकट्या सरस्वतीबाई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "नको लिखू. त्या पोऱ्याना पोटवर पाय नको देऊ." त्या दिवशी शैलजा घरात कुणावरच ओरडली नाही.

पाटीचं माप मात्र पडूनच होतं. शेवटी शैलजानेच योगराजला बोलावलं. त्याने पितळी पाटीवर आधी पेन्सिलीने अक्षरं बसवून बघितली. "बाई, नावाच्या आधी 'डॉ.' येणार होतं ना? आता नाय येणार, तर नाव मधोमध सरकवू?"

"नाही. नाव आहे तिथेच राहू द्या. पुढची जागा सोडा."

योगराजचा हात थांबला. इतकी वर्षं एकही चौकट रिकामी न ठेवलेला माणूस तो. "खालीच?"

"खाली. आणि कुणी कितीही सांगितलं तरी भरायची नाही."

पाटी लागली. डावीकडे मोकळं पितळ आणि मग 'शैलजा अरविंद देवरे, एम.एस्सी.' येणारा जाणारा हमखास विचारतो, पाटीवाल्याचं माप चुकलं का हो? शैलजाचे कान लाल होतात. "माप बरोबर आहे," ती सांगते. "तिथं काय आहे ते शालिग्राम सरांना जाऊन विचारा. त्यांचा पत्ता देऊ?"